बांगडेआजोबांचं नाक

बांगडेआजोबा दिसायच्या आधी त्यांचा वास यायचा. ग्लासगोच्या त्या जुन्या दगडी बिल्डिंगमध्ये आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि ते बरोबर आमच्या खाली. ऑफिसातून दमून यावं, मुख्य दार उघडावं, की कुजक्या मासळीचा भपकारा असा अंगावर यायचा की जेवणावरची वासनाच उडायची. मी जन्मात मासा शिजवलेला नाही. माधवला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी पहिल्याच आठवड्यात बजावलं, "या बिल्डिंगमध्ये एकतर तो म्हातारा राहील नाहीतर मी."

तणतणत खाली गेले. नाकातोंडाला मफलर गुंडाळलेल्या एका हाडकुळ्या माणसानं दार उघडलं. मफलरला पेपरमिंटच्या तेलाचा वास. मागे खिडकीशी बशीत एक बांगडा, त्यावर माश्या, आणि शेजारी अर्धवट रंगवलेली फळी. मी उंबऱ्यावरूनच ओरडले,

"तुम्हालाच हा वास सहन होत नाही, आणि आम्ही सहन करायचा?"

"मला काय नाक नाही, हेन?" ते खेकसले. तिकडची म्हातारी माणसं बायकांना अशीच हाक मारतात. "घाणीचा मला तिटकारा आहे. पण ताजा मासा कुणीही रंगवेल. सडायला लागल्यावर याच्या पाठीवरचा निळा कुठे जातो, ते बघायचं तर इथे बसावंच लागतं."

मी वर आले आणि रागारागानं त्यांचं नाव बांगडेआजोबा ठेवलं.

तिटकाऱ्याची गोष्ट मात्र खरी होती. आमच्याकडे जिना धुण्याची पाळी असे. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला शेजारी एक पाटी अडकवून जात. बांगडेआजोबा गुडघ्यावर बसून, ब्लीच ओतून, पायरी न् पायरी घासायचे. माझी पाळी झाली की चष्मा लावून तपासायला हजर. "कोपरे राहिले, हेन." ज्याच्या घरात अळ्या वळवळताहेत त्यानं मला कोपरे दाखवावेत! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण कोपरे राहिलेले असायचे.

त्यांनी उमेदीची वर्षं गोदीत जहाजांना रंग देण्यात घालवली. ती गोदी बंद पडल्यावर मासे रंगवायला घेतले. चित्रकार म्हणून त्यांना कुणी ओळखत नव्हतं. एका डॉक्टरनं वेटिंग रूममध्ये त्यांचं एक चित्र लावलं आणि महिन्याभरात परत पाठवलं. पेशंटना मळमळतं म्हणे. ताज्या, चकचकीत बांगड्यापासून नुसत्या काट्यापर्यंत, अशी तीसेक फळ्यांची ओळ त्यांनी कितीतरी वर्षं खपून रंगवली होती. पण खोली एवढीशी, त्यामुळे सगळ्या फळ्या भिंतीकडे तोंड करून एकीवर एक रचलेल्या. रंगवणाऱ्यानंसुद्धा ती ओळ सलग कधी पाहिली नव्हती. "एकदा ओळीनं बघायचीय," ते म्हणायचे. "चुकलो असेन तर तेही कळू दे." ऐंशीच्या घरातला माणूस, एका डोळ्यात मोतीबिंदू. वेळ फार नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं.

अखेर एका लहानशा गॅलरीनं होकार दिला. बांगडेआजोबांनी दाढी केली, कोट घातला, आणि आम्हालाही बोलावलं.

दारातच एक हसरी मुलगी प्रत्येकाला कपड्यांचा चिमटा देत होती. नाकाला लावायला! आत दर चार चित्रांपुढे एका स्टुलावर बशी, आणि बशीत खराखुरा सडका मासा. लोक नाकाला चिमटे लावून, हातात वाइनचे ग्लास घेऊन, माशांसोबत फोटो काढत होते. 'सो रॉ', 'सो ऑनेस्ट' चाललं होतं. भिंतीकडे बघायला कुणालाच सवड नव्हती.

"हे मासे कुणी ठेवले?" बांगडेआजोबांनी विचारलं.

"मीच," गॅलरीवाला कौतुकानं म्हणाला. "लोकांना तुमचं जग अनुभवता यावं म्हणून."

बांगडेआजोबांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी आजवर त्यांच्या बशीकडेही तसं पाहिलं नव्हतं. "ही घाण मी जन्मभर सोसली, ती चित्रात येऊ नये म्हणून," ते म्हणाले. मग काळी पिशवी मागून सगळे मासे त्यांनी स्वतः भरले, आणि एकेक फळी भिंतीवरून उतरवायला लागले. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला आयुष्यात इतकी किळस कधी आली नाही. माधव गाडी आणायला गेला.

घरी आल्यावर आजोबा फळ्या आमच्या गाडीतच सोडून आत गेले. ओळ बघायची राहिली ती राहिलीच, असं त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. दुसऱ्या दिवशी रविवार. पाळी माझी नव्हती, तरी मी जिना धुतला, कोपऱ्यांसकट. तो वाळल्यावर मी आणि माधवनं तळापासून आमच्या दारापर्यंत एकेका पायरीवर एकेक फळी भिंतीला टेकवून ठेवली, आणि त्यांना हाक मारली.

ते फळ्यांकडे न बघता आधी तळाशी उतरले, मग कठडा धरून पायरी पायरी वर आले. प्रत्येक फळीपाशी वाकले. मफलर खिशात होता. शेवटच्या पायरीवर काट्याची फळी. तिथून त्यांनी वळून खालपर्यंत नजर टाकली.

"मला वाटायचं, निळा मध्येच कुठेतरी संपतो," ते म्हणाले. "तो काट्यापर्यंत आलाय, हेन."

ती फळी त्यांनी आमच्याकडेच ठेवली. बरं झालं. त्याच हिवाळ्यात ते गेले, आणि आम्ही ऑफिसला गेलेलो असताना मास्क लावून आलेल्या माणसांनी त्यांचं घर साफ केलं. गाद्या, बश्या, फळ्या, सगळं एकत्र स्किपमध्ये, म्हणजे कचऱ्याच्या मोठ्या लोखंडी पेटाऱ्यात. आम्ही परतलो तेव्हा स्किपसुद्धा गेला होता. जिन्यात ब्लीचचा वास होता आणि कोपरे तसेच होते.

आता आम्ही इंग्लंडमध्ये, ब्रॅकनेलला असतो. काटा आमच्या किचनमध्ये, डायनिंग टेबलाच्या वर आहे. जेवायला आलेली मंडळी नाक मुरडतात. "शी, जेवताना हे काय?" मी त्यांना उठवून चित्राच्या जवळ नेते आणि निळा शोधायला लावते. ज्यांना तो दिसत नाही, त्यांना मी पुन्हा जेवायला बोलावत नाही.