छत्रीतली हिरवी नावं

मंठ्याहून सरकी घेऊन आलेला गाडीवान दुकानाच्या पायरीशी थांबला आणि म्हणाला, "शेठ, लक्ष्मण मास्तर गेले. परवा सकाळी." माझ्या हातात गज होता, समोर गिऱ्हाईक होतं. मी कापड मोजत राहिलो. नंतर पाहतो तर भलत्याच ठाणाला कात्री लागलेली... महिना होऊन गेला, अजून दुकानात मन लागत नाही.

लक्ष्मण माझा वर्गमित्र. तो शेतकऱ्याच्या घरचा, मी जालन्यातल्या मारवाडी कापडवाल्याचा. निजामी राज्यात दोघंही उर्दूतूनच शिकलो. मी गादीवर बसलो, तो हैदराबादला विज्ञान शिकून मास्तर झाला. आभाळाचं त्याला वेड, आणि शब्दांचं त्याहून जास्त. दुर्बीण हा मूळचा फारसी शब्द, दूरचं पाहणारी ती दूरबीन, हे तो अशा थाटात सांगायचा की जणू दुर्बीण यानंच शोधली. एकदा घनसावंगीच्या रस्त्यावर गव्हाचं काड भरलेली गाडी पुढं चालली होती आणि मागं काड्या सांडत होत्या. हा रस्त्यातच उभा राहिला. "शेठ, बघ! काह म्हंजे वाळलेलं काड, कशाँ म्हंजे ओढत नेणारं. कहकशाँ! आपली आकाशगंगा रे. इराणातला शेतकरीबी असाच गाडी भरून चालला असंल."

"अन् त्याला कुणी सांगितलं न्हाई का, माल सांडून राह्यला म्हणून?" मी विचारलं. घरी पोचेपर्यंत तो माझ्या चार पावलं पुढंच चालला.

अठ्ठेचाळीस साली निजामी गेली. आम्ही पेढे वाटले, त्यानंही वाटले. पुढं शाळा मराठी झाली आणि या माणसाची पंचाईत झाली. घरची भाषा मराठी, पण विज्ञान सगळं उर्दू-फारसीतून शिकलेलं. वर्गात उष्णतामापक म्हणायच्या ऐवजी तो मिक्यास-उल-हरारत म्हणून जायचा आणि पोरं फिदीफिदी हसायची. मराठीत शिकवता आलं नाही तर विज्ञान हातचं जाणार, हे उघड होतं.

"माझ्याच भाषेत मुका झालो रे शेठ."

"कुठला मुका? रोज माझं डोकं खाऊन राह्यलास."

मग त्यानं माझ्याकडून एक मोठी काळी छत्री नेली. दाभणानं भोकं पाडून तिच्यात तारे मांडले आणि माझ्याच ओट्यावर बसून प्रत्येकाजवळ सुईदोऱ्यानं नावं काढली. पांढऱ्या दोऱ्यानं मराठी, हिरव्या दोऱ्यानं उर्दू अक्षरांत फारसी. कृत्तिका आणि परवीन. सप्तर्षी आणि हफ्त औरंग, म्हणजे सात सिंहासनं. एवढा मिशाळ बाप्या टाके घालतोय म्हणून बाजार हसायचा. मीही हसायचो. पण वर्गात ती छत्री उघडून तो पोरांना आळीपाळीनं खाली बसवायचा, आणि मग कोणी हसत नसे. नव्या नावाला जुनं नाव टेकू देत होतं, एवढंच त्याचं गणित होतं.

तपासणीला आलेल्या साहेबांनी छत्रीचं कौतुक केलं आणि हिरव्या दोऱ्याकडे बोट दाखवलं. ही जुन्या राजवटीची नावं उसवा, नाहीतर विज्ञान दुसऱ्याला देतो. "साहेब, ही राजवटीची न्हाईत, ताऱ्यांची हाईत," असं लक्ष्मण म्हणाला म्हणे. ऐकतो कोण!

तो दुकानात आला, पातं मागितलं आणि उसवायला बसला. मी चिडलो. "नको उसवू! ही राहू दे माझ्याकडं, शाळेसाठी दुसरी कर."

"नजर गेली शेठ माझी हिच्यापायी. दुसरी कुठून करू?"

शेवटचा टाका निघाल्यावर मात्र ती छत्री त्याला उचलवेना. "ठेव तुझ्याकडंच. बघवत न्हाई," म्हणाला आणि गेला. त्याचं विज्ञान टिकलं. मंठ्याला बदली झाल्यावर तो शुद्ध मराठीत उत्तम शिकवायचा असं ऐकतो. पण शब्द कुठून आला हे त्यानं पुन्हा कधी कोणाला सांगितलं नाही. मला त्याचं फार दुःख होतं, आजही आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही शेवटचे भेटलो तेव्हा रस्त्यावर काड्या पडल्या होत्या. मी मुद्दाम म्हणालो, "लक्ष्मण, कहकशाँ!" त्यानं खाली पाहिलं. "काड सांडलंय शेठ. चल."

परवा छत्री दुरुस्त करणारा दारावर आला. म्हटलं, काड्या गंजल्या असतील, बघू द्यावं. त्यानं ती उन्हात उघडली आणि मी खालून वर पाहिलं... पांढऱ्या दोऱ्याची नावं उजेडात काळी पडली होती. आणि जिथून हिरवा दोरा काढला होता, तिथं सुईच्या भोकाभोकांतून ऊन येत होतं. परवीन. हफ्त औरंग. कहकशाँ. सगळी अक्षरं जागच्या जागी. माझ्या घरात, दुकानात ती वाचणारा आता मी एकटाच उरलोय.

"शेठ, बिलकुल चाळण झाली हिची," तो म्हणाला. "कापड बदलून टाकू?"

"राहू दे," एवढंच म्हणालो आणि त्याच्या हातातून ती मिटून घेतली.