टायगरचा उपास

कुत्र्यांच्या दवाखान्यात दोन गोष्टी साचतात. केस आणि किस्से. केस मी रोज झाडून काढतो. किस्से निघत नाहीत.

संगमनेरच्या या दवाखान्यात माझं, म्हणजे तात्याचं, काम एकच. कुत्रं धरायचं. मी धरलेलं कुत्रं हलत नाही.

कोल्हारच्या किसनरावांचा टायगर मात्र धरावाही लागायचा नाही. गरीब जनावर. त्याच्या मानेत कॅन्सरच्या गाठी आल्या. औषधांनी बसल्या. पण परत येतील या धास्तीनं किसनरावांची झोप उडाली.

*

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "गाठ हाताला लागायच्या आधी तिची खूण रक्तात दिसू शकते. टेस्ट करू. उद्या उपाशी आणा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टायगरचा पाय पुढे घेतला.

"गाठ मानंत अन् रक्त पायातलं?" किसनराव म्हणाले.

"रक्त सगळीकडे एकच असतं."

"आमच्या पाटाचं पानी बी एकच हाय. शेवटच्या वावरात पोचतंय का?"

मॅडमनी सुई हातात घेतली.

*

सुई टोचली. टायगर उभा. किसनराव आडवे!

मी टायगरला सोडलं, मालकाला धरलं. टायगरनंच तोंड चाटून त्यांना शुद्धीवर आणलं.

*

पुण्याच्या लॅबमधून फोन आला. "सँपल चरबीनं दुधाळ झालंय. तपासता येणार नाही. कुत्रं उपाशी होतं ना?"

मॅडमनी किसनरावांच्या बायकोला, सखूबाईंना, विचारलं.

"व्हय तर! कडक उपास. नुसती साबुदान्याची खिचडी दिली. अशक्तपना नको म्हनून तूप अन् कूट तेवढा जास्त घातला!"

पुढच्या वेळी मी दम भरला. "पाण्याशिवाय काही नाही. भगर नाही, रताळं नाही, राजगिऱ्याचा लाडूसुद्धा नाही!"

सँपल पुन्हा गेलं.

*

रिपोर्टच्या दिवशी तिघंही आले. मॅडमनी वाचलं. "खूण सापडली नाही. गाठी परत आलेल्या दिसत नाहीत. पण मधून मधून तपासत राहू."

किसनराव मटकन बाकावर बसले. टायगरच्या कानामागं खाजवत राहिले. 

सखूबाई पुढं झाल्या. "मॅडम, आता ह्यांचं बी रक्त काढा. टायगरसंगं ह्यांनी बी उपास धरला. तवापासनं नीट जेवलेच न्हाईत."

"अहो, मी जनावरांची डॉक्टर!"

"मंग काय झालं? धरायला तात्या हायेत की!"

किसनराव उठून दाराकडं सरकले.

मी दार लावून घेतलं.