लॅपटॉप पाटावर

अकोल्याला शिकणाऱ्या मुलीनं सकाळी फोनवर बजावलं, "बाबा, पायथन बसवतानी पहिले पाथवर टाकजा, मंगच पुढं जाजा." मी स्वयंपाकघरातून जेवायचा पाट आणला, फडक्यानं पुसला आणि लॅपटॉप त्यावर ठेवला. तापतो बिचारा, पोरीला बरं सुचलं, असं कौतुकही वाटलं.

बायकोची शनिवारची सकाळची शाळा. दुपारी एकला इथंच, अमरावतीत, शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. वर्गाच्या गुणांच्या आलेखाचे रंगीत खांब काढणारा प्रोग्राम तिनं शाळेच्या कम्प्युटरवर आठ दिवस खपून लिहिला होता, तो सगळ्यांसमोर दाखवायचा होता. जमलेल्यांत वयानं तीच मोठी, त्यामुळं धाकधूक जास्त. तो ज्या भाषेत लिहिला ते पायथन आणि खांब काढायचं सामान, दोन्ही आमच्या लॅपटॉपात नव्हतं. पायथनसाठी असं सामान इंटरनेटवरून उतरवून आणणाऱ्याचं नाव पिप. "त्यात काय, मी करून ठेवतो," असं मीच छाती पुढं काढून म्हणालो होतो.

पायथन बसवताना पडद्यावर खाली एक रिकामा चौकोन दिसला. पंचवीस वर्षं कारकुनी केलेला माणूस न समजलेल्या चौकोनात खूण करत नाही. मीही केली नाही. मग पिपला हाक मारली. उत्तर इंग्रजीत आलं. अर्थ असा, की पिप नावाच्या आतल्या किंवा बाहेरच्या कोणालाही आम्ही ओळखत नाही.

मी फोन लावला.

"पाथवर टाकलं होतं काय?"

"केव्हाचंच. पुसून टाकलं."

"पुसून? काय पुसलं?"

"पाट. जेवाले बसाचा."

"अवो बाबा, पाट नाही, पाथ! रस्ता! पिप कुठी राहते ते कम्प्युटरले समजाले पायजे नं! खालच्या चौकोनात टिक कराची होती. आता काढून टाका अन् पुन्हा बसवा. माहा पेपर हाय अकराले, फोन बंद करून राहिली मी."

काढायचं राहूनच गेलं, थेट पुन्हा बसवायला गेलो, तर तो चौकोनच दिसेना. दुरुस्ती असं काहीतरी लिहिलेलं दिसलं, ते दाबलं. दुरुस्ती झाली म्हणे. पिपची ओळख काही पटली नाही. तीनदा केलं. शेवटी लॅपटॉपसमोर नुसता बसून राहिलो.

बायको साडेअकराला आली. "हा पाट काहून काढला?"

सगळं सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. ते मला जास्त जड गेलं. लॅपटॉप तसाच पिशवीत घालून निघाली.

संध्याकाळी परत आली तेव्हा बाहीला निळा खडू लागलेला होता. मी चहा पुढं केला आणि विचारलं, "मग काय केलं?"

"फळा होता नं. काढले खांब हातानं." चहा संपवून कप खाली ठेवला, अन् म्हणाली, "पाटाचं काई सांगतलं नाही मी कोणाले. घरची लाईट गेल्ती म्हटलं."