फेरीबोटीवर चढलेलं घर

तुमच्या बाबांनी आम्हा आजी-आजोबांना सहल भेट दिली, असं तुम्हाला कळलं असेल. ते अर्धंच खरं आहे. मागच्या हिवाळ्यात आजोबांनी शेजाऱ्यांच्या फाटकाला गाडी ठोकली. अगदी हलकेच, फाटकाचं एकच दार पडलं. तेव्हापासून तुमच्या बाबांचं म्हणणं होतं की आजोबांनी आता स्टिअरिंग सोडावं. तुम्ही राहता तिकडून, इतक्या दुरून, सगळंच फार स्पष्ट दिसतं. शेवटी फोनवर तह झाला: कॅम्पर भाड्यानं घ्यायचा, नागपूरहून कोकणात जाऊन यायचं. आजोबांनी कुठेही ओरखडा न पाडता तो परत आणला तर घरची गाडी राहील, नाहीतर विकायची. मला पंच नेमण्यात आलं. माझं मत कुणी विचारलं नाही, पण या घरात ते काही नवीन नाही.

कॅम्पर म्हणजे टेम्पोच्या पोटात कोंबलेला एका खोलीचा फ्लॅट. पलंग, शेगडी, लहानसा फ्रिज आणि एक कपाट, ज्याला कंपनी बाथरूम म्हणत होती. त्यात वळायचं तर आधी बाहेर यावं लागे. मी डबे लावले, शेगडीच्या वर देवाची तसबीर चिकटवली आणि नियम केला: चपला पायरीखाली काढायच्या. जिथे पोळ्या लाटायच्या तिथे पेट्रोल पंपाची माती मी येऊ देणार नव्हते.

पहिला मुक्काम पंपावरच झाला. सकाळी दार उघडलं तर बाहेर चारपाच माणसं रांगेत उभी. त्यांना हा फिरता दवाखाना वाटला होता. "मॅडम, बीपी बघता का?" एकानं विचारलं. आजोबा आतून म्हणाले, "बघत नाही, वाढवते!" रांग हसली आणि पांगली. मला मात्र फारसं हसू आलं नाही.

दुसरा मुक्काम खाडीच्या अलीकडे एका आंब्याच्या बागेत. मालकांनी आमसुलाचं सार पाजलं आणि विदर्भात लोक इतकं तिखट का खातात याची सहानुभूतीनं चौकशी केली. तिथून निघालो आणि जेटीवर आलो, तेव्हा कळलं की बोटीवर गाडी मागे घेत चढवायची असते, म्हणजे पलीकडे सरळ उतरते. उतार निसरडा, दोन्हीकडे लोखंडी कठडे, आणि मधल्या जागेत आमचं घर बसवायचं.

"आजोबा, चावी द्या. आमचा माणूस चढवेल," बोटीचा तिकीटवाला म्हणाला.

"काहून? मले येत नाही का?"

"तसं नाही हो, गाडी मोठी आहे."

"गाडी मोठी आहे, तर मी का लहान आहो?"

एवढं बोलून, मागची जागा स्वतः बघायला त्यांनी दार उघडलं, पाय खाली टाकला आणि तसाच वर घेतला. सिमेंट तव्यासारखं तापलं होतं.

"चपला कुठं आहेत वं?"

"तुम्ही काढल्या तिथेच. आंब्याच्या बागेत."

"अन् तुह्या?"

"शेजारीच. जोडीनं."

नियम माझा होता, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर ते स्वच्छ लिहिलेलं होतं. माझ्याकडे बाथरूमच्या स्लिपर होत्या, त्यामुळे खाली मी उतरले. गाडी मी कधी चालवलेली नाही. फक्त शेजारी बसून लग्नापासून शिकवते आहे.

जेटीवर तोवर तज्ज्ञांची सभा भरली होती. "डावीकडे वळवा!" "उजवीकडे, उजवीकडे!" "येऊ द्या, येऊ द्या, बास!" मासळीची टोपली घेतलेल्या एक बाई तर बोटीकडे पाठ करून सूचना देत होत्या. कॅम्पर मागे सरकत उजव्या कठड्याकडे निघाला.

"अहो, कठडा! तुमच्या बाजूला!"

"कुठं आहे?"

कठडा पिवळाधमक रंगवलेला होता आणि त्यांच्या आरशापासून वीतभर लांब. मी ओरडले, "थांबा!" ते थांबले. मग मी सगळ्या तज्ज्ञांना गप्प बसवलं, त्यांच्या खिडकीजवळ गेले आणि म्हटलं, "आता फक्त मी सांगेन तसं." आजोबांनी वाद घातला नाही. तेव्हाच मला खरी भीती वाटली.

इंच इंच करत घर बोटीवर चढलं. ओरखडा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आजोबांनी पुढाऱ्यासारखा हात केला. मी आत येऊन बसले, बोट सुटली, तरी त्यांनी स्टिअरिंग सोडलं नव्हतं.

"तुले समजलं ना?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"कठडा दिसला नाही मले. उजव्या डोळ्यानं सारं दुधावानी दिसून राहिलं. मागच्या दिवाळीपासून."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टरले सांगतो, तो तुले सांगते, तू पोराले सांगतं. गाडी गेलीच मग."

नागपूरच्या धंतोलीत दोन पावलं टाकली की डॉक्टर लागतो. संबंध विदर्भ तिथे डोळे दाखवायला येतो. आणि तिथून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या या गृहस्थांनी डोळा लपवून ठेवला होता.

तेवढ्यात तुमच्या बाबांचा फोन आला. "आई, ओरखडा?"

"एकही नाही," मी म्हटलं. पंचाचं काम एवढंच होतं.

आजोबांनी माझ्या हातून फोन घेतला. "ओरखडा नाही रे. पण आता मी चालवत नाही. डोळ्यात काहीतरी झालं आहे."

पलीकडच्या काठावर ड्रायव्हर ठरवला आणि आजोबांनी स्वतः चावी त्याच्या हातात दिली. नागपूर येईपर्यंत ते त्याच्या शेजारी बसून "कट मारू नको गा" म्हणत राहिले. बिचारा ताशी चाळीसनं चालवत होता.

मोतीबिंदू निघाला, मागच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. डोळा बरा झाला आणि डॉक्टर हो म्हणाले, तर गाडी राहील, असं तुमच्या बाबांनी कबूल केलं आहे. तोवर आजोबा मला पायी बाजारात नेतात आणि वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचतात. काल एका दुकानासमोर थांबून त्यांनी फरसाणाचे सगळे प्रकार वाचले, भावासकट. मी पिशवी धरून उभी राहिले आणि शेवटपर्यंत ऐकलं.