वस्तीच्या नळाला पिवळा रंग

"मॅडम, अजून किती खणायचं? पाइप तर नवाकोरा हाय की!" खड्ड्यातून दगडू ओरडला.

दगडू म्हणजे गावचा जलसुरक्षक. बोअरची मोटर चालवायची, टाकी भरायची, पाण्यात टीसीएल म्हणजे क्लोरीनची पावडर टाकायची आणि व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडायचं, हे त्याचं काम. गाव सांगोला तालुक्यातलं. मी पंचायत समितीत पाण्याच्या गुणवत्तेचं काम बघते. नमुने तपासून घ्यायचे, दोष शोधायचा आणि तो दूर होईपर्यंत गावाच्या मागे लागायचं, हे माझं काम.

इथला दोष विचित्र होता. गावठाणातला नमुना पास आणि मेंढपाळांच्या वस्तीवरचा लागोपाठ दोनदा 'पिण्यास अयोग्य'. बोअर तोच, टाकी तीच, पावडर तीच. वस्तीवर मुलांना जुलाब सुरू झाले होते. तिसरा नमुना नापास झाला, तर ग्रामपंचायतीला लाल कार्ड मिळणार होतं. हिरवं कार्ड म्हणजे पाणी ठीक, पिवळं म्हणजे सुधारणा करा, लाल म्हणजे धोका; मग नळ बंद आणि टँकर सुरू.

सरपंच सुनंदाताई खड्ड्याच्या काठावर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "टँकर बंद करीन म्हटलं, म्हणून लोकांनी मला निवडून दिलं. आता तोच टँकर माझ्या दारात आणून उभा करता व्हय?"

"टँकर मी नाही आणत, ताई. दूषित पाणी आणतं."

"मग हुडका की कुटनं दूषित होतंय ते!"

आमच्या कामात अशा वेळी पहिला संशय पाइपवर. पाणी बंद झालं की रिकामा पाइप फुटक्या जागेतून गटाराचं पाणी आत ओढतो. म्हणून गटाराजवळची लाइन पूर्ण उघडून पाहिली. एकही चीर नव्हती.

मग टाकीवर ओटी टेस्ट केली. ही टेस्ट सोपी आहे. नळीत पाणी घ्यायचं, ओटी नावाच्या द्रवाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, रंग बदलला नाही तर नाही. टाकीचं पाणी छान पिवळं झालं.

"बगा," दगडू म्हणाला, "रोज टाकतो मी. देवाशपथ."

तो खोटं बोलत नव्हता. मी वस्तीवरही टेस्ट करायला गेले, पण तिथले नळ कोरडे.

"वस्तीचं पाणी सकाळीच येऊन जातंय, मॅडम. गावठाणाचं नंतर," दगडूने सांगितलं.

घरी येऊन मी सगळ्या गोष्टी ओळीने मांडल्या. वस्तीचे नमुने आरोग्यसेविका सकाळी भरायची. माझ्या टेस्ट दुपारच्या आसपासच्या, कारण आम्ही ऑफिसमधले लोक गावात पोचतोच तेव्हा. पाणी सुटतं त्या वेळी टाकीजवळ आमच्यापैकी कुणीच कधी उभं राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच वस्तीवर स्कूटर लावली. नळाला धो धो पाणी होतं. ओटीचे थेंब टाकले. पाण्याचा रंग बदलला नाही.

तशीच टाकीवर गेले. दगडू पावडर कालवलेली बादली शेजारी ठेवून निवांत बसला होता. मला बघून दचकला.

"पावडर टाकली नाहीस अजून?"

"टाकतो की. जरा मेंढरं पिऊन जाऊ द्या."

टाकीच्या खाली जनावरांसाठी सिमेंटचा हौद आहे. त्याचं पाणी टाकीतूनच येतं. थोड्या वेळाने वस्तीवरचे कळप एकेक करून आले, प्यायले, माळाकडे निघाले. शेवटचं मेंढरू वळल्यावर दगडू शिडी चढला आणि त्याने बादली टाकीत ओतली. तोवर वस्तीचं पाणी देऊन झालं होतं. पावडर मिळत होती ती फक्त गावठाणाला.

कळपामागे काठी टेकत वस्तीवरची म्हातारी तान्हूबाई चालली होती. तिला थांबवून विचारलं.

"आमीच सांगितलं त्याला," ती ठसक्यात म्हणाली. "पावडरीचं पानी मेंढरू हुंगतंय आन् मागं फिरतंय. दिसभर माळावर तानेनं मरंल की. मानसं गप पित्यात, मेंढरं पीत न्हाईत. मंग शानं कोन?"

"मेंढरं शहाणी, आजी. पण तुझ्या नातवाला जुलाब झालेत ते याच पाण्यानं. मेंढरांसाठी थांबवलेली पावडर तुमच्याच नळाला मिळत नाही."

तान्हूबाई दगडूकडे वळली. "आरं मुडद्या, हे तुला ठावं न्हवतं व्हय?"

"तुमीच म्हनला, थांब म्हणून!"

दगडूला 'पावडर आधी टाक' एवढंच सांगितलं असतं, तर माझी पाठ वळताच मेंढरं पुन्हा जिंकली असती. त्याचं घरही त्याच वस्तीवर. म्हणून सुनंदाताईंना बोलावून उपाय सांगितला. बोअरकडून टाकीकडे जाणाऱ्या पाइपला एक फाटा काढायचा, त्याला व्हॉल्व्ह बसवायचा आणि तो थेट हौदात सोडायचा. मेंढरांना बिनपावडरीचं पाणी, माणसांना पावडरीचं.

"एवढंच?" सुनंदाताईंनी विचारलं.

"एवढंच. आणि हौदाचा टाकीशी असलेला जोड कायमचा बंद. पावडर पाणी सोडायच्या अर्धा तास आधी."

त्यांनी तिथूनच प्लंबरला फोन लावला. "आज म्हंजे आजच ये. उद्या आलास तर तुझ्या घरचा नळ मीच बंद करते." तो दुपारच्या आत आला.

पुढच्या सकाळी वस्तीच्या अगदी शेवटच्या नळावर सगळे जमले. मी नळी भरली, थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. सुनंदाताईंनी नळी माझ्या हातातून घेतली आणि उन्हात धरून प्रत्येकाला दाखवली. तान्हूबाई तांब्यात घेतलेलं पाणी हुंगून म्हणाली, "वास मारतंय लई." मग तोच तांब्या नातवाच्या तोंडाला लावला.

प्रयोगशाळेचा निकाल आला, 'पिण्यास योग्य'. वस्तीवरचे जुलाब थांबले. पुढच्या पाहणीत गावाला हिरवं कार्ड मिळालं. ते ग्रामपंचायतीत दारासमोरच लावलंय, आणि टँकर गावात परत आला नाही.

माझ्या पाहणीच्या यादीत तेव्हापासून पाइप, व्हॉल्व्ह आणि टाकीच्याही वर एक ओळ आहे. गावातली जनावरं कुठे आणि किती वाजता पाणी पितात ते बघणे. ही ओळ ऑफिसात बसून भरता येत नाही.