एक जूनचा केक

आज आमच्या घरात तिघांचा वाढदिवस. त्यातली एक फेब्रुवारीत गेली.

दादा एक जून, मी एक जून, वहिनी एक जून.
आमच्या भागातल्यांना सांगायला नको. शाळेत नाव घालताना आईबापाला तारीख सांगता आली नाही, की गुरुजी एक जून लिहून मोकळे!

आता एक जूनला मोखाड्यात काय असतं? पाऊस नाही, वारा नाही, लाईट तर नाहीच.
आणि सुनंदावहिनींना नेमका त्याच दिवशी करायचा असायचा थंडगार फ्रूट केक. वर फेटलेलं क्रीम.

वहिनींचं माहेर साखरशेत. झेडपीच्या शाळेत शिकवायच्या. केक मोबाईलवर बघून शिकल्या आणि आमचा छळ सुरू झाला.

"वहिनी, डिसेंबरात करा ना. इथे थंडी काय कमी पडते?"
"कागदावर जून आहे, भावोजी. बोलू नका, फेटा."

क्रीम गार राहिलं तरच फुगतं. म्हणून परातीत बर्फ, बर्फावर पातेलं आणि पातेल्यापुढे मी. बर्फ मासेवालीकडून मागून आणलेला.

"अहो, केकला बोंबलाचा वास येईल!"
"वास परातीत राहतो. पातेल्यात चढत नाही."
खरंच चढायचा नाही. त्याचाही मला राग यायचा.

वर आंबा, करवंदं, जांभळं. पहिला तुकडा आईला.
"ह्यो साबनाचा फेस मला नको देऊ," असं आई दर वर्षी म्हणायची आणि दोन तुकडे खायची.

एकदा आईच बोलून गेली, "तू झाला तवा मी नागली कापत होते."
म्हणजे माझा खरा वाढदिवस थंडीच्या तोंडावर! मी धावत वहिनींकडे. "बघा! आता तरी तारीख बदला."

वहिनी करवंदं धूत होत्या. "तुमचं सांगायला आई आहे, भावोजी. माझी मी तान्ही असतानाच गेली. मला एक जूनच आहे."

त्यानंतर मी मुकाट फेटायला लागलो. म्हणजे, कमी बडबडत.

या वर्षी केक होणार नाही, असं मी धरून चाललो होतो. काल पुतणी म्हणाली, "काका, आईचा केक करायचा ना?"
दादा उठून बाहेर गेला. राहिलो मी.

बर्फ आणला. पहिलं क्रीम पाण्यासारखंच राहिलं. दुसरं इतकं फेटलं की लोणी झालं.
कमाल आहे वहिनी तुमची! इतकी वर्षं मला फेटायला लावलंत, थांबायचं कधी ते शिकवलंच नाहीत. ते तुम्हीच सांगायचात.

तिसऱ्यांदा पोरगी पातेल्यात डोकं घालून बसली.
"बस, भावोजी," म्हणाली. अगदी तुमच्या आवाजात. मग आम्ही दोघंही रडलो.
क्रीम मात्र उभं राहिलं.

मी पंचायत समितीत क्लार्क. लोकांचे दाखले बघण्यात जन्म गेला. वहिनींचा मृत्यूचा दाखला मीच आणला, त्यांच्या शाळेच्या दाखल्याशेजारी ठेवला.
जन्माची तारीख खोटी. जाण्याची खरी.
उलटं लिहिता आलं असतं ना, तर नोकरी गेली असती तरी लिहिलं असतं.

लाईट आत्ताच गेली. क्रीम उतरायच्या आत केक संपवायला हवा.
पहिला तुकडा तुमच्या फोटोपुढे ठेवलाय. वास येत नाही, बघितलंय मी.

वाढदिवसाच्या शुभेच्छा, वहिनी. आणि निरोप.