कालनिन्श घराण्याच्या दफनभूमीत

अमेरिकेत श्रूजबरीला मुलाच्या दारात गाडी थांबली आणि टपालपेटीवर ‘हूपर’ लिहिलेलं दिसलं. प्रवासाचा शीण जागीच रागात बदलला. आमचं आडनाव हुपरीकर. निखिलने अमेरिकेचं नागरिकत्व घेताना ते छाटलं आणि मला सहा महिन्यांनी, फोनवर सांगितलं. इचलकरंजीत जुने यंत्रमाग दुरुस्त करून विकत मी धंदा उभा केला. माल हुपरीकरांचा म्हटल्यावर गिऱ्हाईक तो चालवूनही न बघता घेतं. तेच नाव पोराला जड झालं. पहिला आठवडा आम्ही बापलेक सुनेमार्फत बोललो. “मधुरा, त्याला सांग, चहा झालाय.”

शेजारी आइना नावाच्या ऐंशी पार केलेल्या बाई राहतात, मूळच्या लाटविया देशातल्या. त्यांनी कुंपणावरून नाव विचारलं. मी टपालपेटीकडे बघत ठणकावून ‘हुपरीकर’ म्हणालो. ते नीट जमेपर्यंत त्यांनी तीनदा घोकलं.

“अर्थ काय?”

“हुपरी गावचा.”

“माझ्या आडनावाचा अर्थ छोटी टेकडी. रविवारी आमचे कापु स्वेत्की (कबरींवर जमण्याचा वार्षिक दिवस) आहेत. मला गाडीतून न्याल? आमच्या टेकडीचं काय काय झालं ते बघा.”

गाडी निखिल चालवणार होता, म्हणून मी नाही म्हणणार होतो. पण बाईंना नाही म्हणणं जमलं नाही.

वाटेत रोपवाटिकेत थांबलो. बिगोनियाच्या दोन कुंड्या उचलल्या. एकीचा देठ वाकडा होता, तो दाखवून मी निम्मी किंमत सांगितली.

“बाबा, इथे असं नाही करत, यार!” निखिल कुजबुजला.

विकणारी हसली आणि किंमत उतरवली. मी निखिलकडे फक्त बघितलं.

दफनभूमी पाइनच्या झाडांखाली, बॉस्टनच्या वाटेवर. सगळीकडे गवत, फक्त आइनाबाईंच्या घरच्या कबरींच्या तीन दगडांपुढे पांढऱ्या वाळूचा चौकोन. ही त्यांच्याकडची रीत. इथल्या व्यवस्थापकांशी भांडून त्यांनी वाळू घालून घेतली होती. बाई माझ्याच जातकुळीच्या निघाल्या.

“हे माझे चुलतसासरे,” त्या पहिल्या दगडाकडे बोट करून म्हणाल्या. “यांचे आजोबा जर्मन जमीनदाराकडे वेठीला बांधलेले. वेठ सुटली तेव्हा प्रत्येकाला आडनाव घ्यावं लागलं. कोणी झाडाचं घेतलं, कोणी पक्ष्याचं. यांचं घर टेकाडावर, म्हणून कालनिन्श. पण नोंदवही जर्मन पाद्र्याच्या हातात. त्याने आपल्या वळणाने कालनिंग लिहिलं. तेच घेऊन हे इथे आले.”

दुसरा दगड नवऱ्याचा. तोवर त्यांचा देश स्वतंत्र झाला होता, नावं त्यांच्या भाषेप्रमाणे लिहिली जात होती. पण युद्धानंतर नवरा निर्वासित म्हणून आला तेव्हा इथल्या टाइपरायटरवर त्यांच्या अक्षरांच्या, उच्चार बदलणाऱ्या खुणाच नव्हत्या. तो कालनिन्स झाला. तिसऱ्या दगडावर मृत्यूची तारीख नव्हती.

“हा माझा. कालनिन्या. आमच्यात बाईच्या आडनावाचा शेवट वेगळा असतो. इथल्या कागदांवर जन्मभर नवऱ्याचंच लिहिलं. दगडावर मात्र माझं कोरून घेतलं, खुणेसकट.”

“आणि मुलगा?”

“तो मिस्टर हिल. म्हणे, हिल म्हणजे टेकडीच की! मी दोन वर्षं त्याच्याशी बोलले नाही.”

“मग?”

“मग माझा गुडघा मोडला. फोन करायला कोणीतरी लागतंच.”

निखिल झाडाकडे बघत होता. मीही तेच झाड बघू लागलो.

बाईंनी दाताळ्याने वाळूवर सुंदर रेघा ओढल्या. मी पवित्र जागा म्हणून चपला काढल्या, अनवाणी पुढे गेलो, कुंड्या ठेवल्या आणि हात जोडले. वळलो तर बाई कपाळाला हात लावून उभ्या.

“मिस्टर हुपरीकर! ओढलेल्या वाळूवर पाऊल उमटू द्यायचं नसतं! मागे मागे सरकत, आपले ठसे पुसत बाहेर पडायचं. आता तुम्हीच ओढा, माझा गुडघा संपला.”

मी दाताळं घेतलं. नजर वाळूवर, पाठीमागे काय ते दिसेना.

“बाबा, मागे मूळ आहे. डावीकडे या.”

“किती?”

“एक पाऊल. हां. आता या सरळ.”

आलो. त्याने हात माझ्या पाठीला लावून मला थांबवलं.

नंतर तिथे जमलेल्या सगळ्यांबरोबर कॉफी घेतली, शहाजिरं घातलेलं चीज खाल्लं. पीरागी (डुकराचं मांस भरलेले छोटे पाव) मी टाळले, निखिलने चार खाल्ले.

परतताना बाई मागे झोपल्या. मी निखिलला एक गोष्ट सांगितली. माझ्या वडिलांचं आडनाव पोळ. सूतगिरणीत आधीच दोन पोळ होते, म्हणून मुकादमाने हजेरीत हुपरीकर लिहिलं. तेच चिकटलं.

“मग माझ्यावर एवढा राग का, बाबा?”

“तुझ्या आजोबांना कोणी विचारलं नाही. तू मला विचारू शकत होतास.”

“सॉरी. पण तुम्ही नाही म्हणाला असता.”

“म्हणालोच असतो. मग घासाघीस केली असती.”

तो हसला. मी हसलो नाही, पण घरी पोहोचेपर्यंत आम्ही बोलत होतो.

राग पुरता निवलाय असं म्हणणार नाही. पण नाव कोणी ठेवलं, कोणी कापलं, यापेक्षा ते ठरताना आपण तिथे होतो की नाही, हे मनाला जास्त लागतं, एवढं त्या प्रवासात कळलं. परत आल्यावर दिवाळीत इचलकरंजीच्या कुरियरवाल्या बाईंशी वजनावरून भांडून फराळ पाठवला. पाठवणार हुपरीकर, घेणार हूपर.

“काका, गोरं गिऱ्हाईक मिळालं वाटतं?”

“मुलगा आहे माझा,” मी म्हणालो. “नीट लिहा, पत्ता चुकायला नको.”